पहिला बेडूक न्यायला ट्रक येतोय

चि. धाकट्यास,

थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. तुझा रक्तदाब, तुझी साखर आणि माझी भावजय, तिघंही शांत असतील असं धरून चालते. माझं बरं आहे. दात दोनच उरलेत, पण समोरासमोर आहेत, त्यामुळे भागतं. पत्र नेहमीप्रमाणे मी सांगते आणि सूनबाई लिहिते. अक्षर तिचं, टोमणे माझे. (ती विचारते, थोडे कमी करू का? म्हटलं, कागद वाया गेला तरी चालेल, टोमणा जाता कामा नये.)

तुझ्या कंपनीला आपल्या देशात येऊन पंचवीस वर्षं झाली म्हणून काढलेल्या पुस्तिकेचा मसुदा आला. सोबत चिठ्ठी, की देशात विकली गेलेली पहिली गाडी आपल्याकडे आहे, ती मुख्य कचेरीत काचेआड ठेवायची आहे, बुधवारी ट्रक येईल, आपल्या बंधूंनी संमती दिलीच आहे. बंधूंनी! रोपवाटिका माझी, गाडी माझी, गुडघे माझे, आणि संमती अकरा किलोमीटरवर राहणाऱ्या बंधूंची. असो. तू निवृत्त विक्रीप्रमुख, तुझ्या शब्दाला वजन आहे. मी कोण आडवी येणार?

पुस्तिका सूनबाईने वाचून दाखवली. तुझा फोटो झकास आहे म्हणते (केस कुणाचे, ते मी विचारलं नाही). पान चारवर लिहिलंय की सखोल बाजार-सर्वेक्षण करून कंपनीने ग्राहकाच्या मनाचा ठाव घेतला. ते सर्वेक्षण मला चांगलं आठवतं. पालथ्या बादलीवर बसून मीच केलं होतं.

पंक्चरवाल्याशेजारची ती भाड्याची खोली आठवते ना? आत तीन गाड्या आणि दारात तुझा खडूचा फळा, ‘मौजेचा राजा’. चार जाड चाकांवर बसकण मारलेली ती मोटरसायकल बघून लोक तिला बेडूक म्हणायला लागले, आणि कंपनीने एवढ्या जाहिराती केल्या तरी ते नाव काही गेलं नाही. पहिल्या वर्षी बेडूक खपला एकच, तोही मला. रजिस्टर अगदीच कोरं दिसू नये म्हणून तू माझ्याकडे येऊन ‘ताई, एक घे ना गं’ करत असं तोंड पाडलंस, की मी फॉर्मवर अंगठा उठवून मोकळी झाले. पुस्तिकेत याला ‘बाजारपेठेत दमदार प्रवेश’ म्हटलंय.

बाकी गिऱ्हाईक यायचं, नाही असं नाही. रविवारी यायचं, बायकोला घेऊन. नवरा बेडकावर बसायचा, हँडल धरायचा, तोंडानेच घुर्रर्र करायचा. बायको विचारायची, ही कशासाठी? आणि तू बत्तिशी दाखवून सांगायचास, ‘मजेसाठी, वहिनी!’ झालं. वहिनी कॉलरला धरून त्याला खाली उतरवायच्या. एक मास्तर तर लागोपाठ चार रविवार उतरवले गेले.

मी तोवर माझ्या बेडकाच्या पाठीला दोन क्रेट बांधून खताची पोती वाहत होते. एकदा पोत्यांसकट तुझ्या दारात थांबले, पंक्चरवाल्याची बादली पालथी घातली आणि तासभर बघत बसले. मग म्हटलं, धाकट्या, फळ्यावरची ती मौज पूस. माणसाला हवी असते मजाच, पण घरी सांगायला काम लागतं. तू म्हणालास, वरच्या साहेबांना विचारावं लागेल. तू विचारेपर्यंत मी ओलं फडकं फिरवलं होतं. मग तू मुकाट्याने लिहिलंस, ‘कामाचा गडी’.

पुढच्या रविवारी मास्तरांच्या बायकोने स्वतःच चौकशी केली, पोती किती वाहतो? मास्तर पोती कसली वाहणार, खडू आणि डस्टर! पण गाडी गेली. महिन्यात अकरा गेल्या. मग पाणीपुरवठ्याच्या लोकांनी घेतल्या, जंगलखात्याने घेतल्या, दुकानं बेचाळीस झाली, शेवटी देशातच कारखाना निघाला. आजही सगळे कामासाठी म्हणून घेतात आणि टेकडीवर सापडतात.

पुस्तिका म्हणते, ही शक्कल तुझी, आणि समारंभात त्याबद्दल तुला मानचिन्ह मिळणार. आनंद आहे. बहिणीची अक्कल भावाच्या नावावर चढली तर बिघडलं कुठे, राहिली घरातच ना.

बेडूक धुऊन ठेवलाय. सकाळी गार असताना दोनदा रुसतो, मग गुमान चालतो, एवढं ट्रकवाल्यांना सांग. मी रोपांपर्यंत चालत जाईन. चढ आहे, पण वाटेत बसण्याजोगे सात दगड आहेत. कालच मोजून आले. भावजयीला माझी आठवण सांग.

तुझी ताई
(उजवा अंगठा; माती त्याच्यासोबतच आली आहे)

ता. क. : पुस्तिकेचं पान बारा कोरं आहे. त्यावर ‘पहिल्या ग्राहकाच्या आठवणी’ छापायच्यात, मजकूर गुरुवारपर्यंत हवाय. ट्रक बुधवारी येणार. तो आला तर मला दुसरा उद्योग उरणार नाही, आणि रिकाम्या म्हातारीला सगळं आठवतं, अगदी फडक्याच्या रंगासकट. नाही आला तर पोती वाहण्यातून सवड कुठली. ‘भाऊ गुणी आहे’ एवढ्यावर भागवेन.

आणखी एक : सूनबाई म्हणते, टपालाने पत्र पोचेपर्यंत बुधवार उलटून जाईल. म्हणून मीच घेऊन निघाले आहे. तू हे वाचशील तेव्हा मी तुझ्या अंगणात असेन. फाटकाचं मनाला लावून घेऊ नकोस, ब्रेक आताशा जरा उशिरा लागतो.