सगळ्यांच्या मागं उरलेलं

आई, तू गेलीस तेव्हा माझी मुलगी पाळण्यात होती, त्यामुळं पुढं माझं पोट कापलं हे तुला माहीत असायचं कारण नाही. वजन हाताबाहेर गेलं होतं, गुडघे धरले होते, रक्तात साखर निघाली होती. म्हणून काही वर्षांमागं पुण्याला जाऊन जठराचा मोठा भाग काढून घेतला. राहिला तो केळ्याएवढा. अशी बारीक झाले की नारायणगावच्या बाजारात ओळखीच्या बायका मला ओलांडून पुढं जायच्या आणि मग परत मागं वळून बघायच्या. आता त्यातलं बहुतेक सगळं वजन परत आलंय आणि डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनचं बोलतायत. या वेळी आतड्याचा रस्ताच बदलायचा, जोखीम पहिल्यापेक्षा जास्त. हे म्हणतात, "एकदा कापून भागलं न्हाई, आता परत?" लोक डॉक्टरला नावं ठेवतात, काही मला ठेवतात. मी तुला ठेवते. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात, पण मी धरलाय.

पारगावचं आपलं स्वयंपाकघर मला जसंच्या तसं दिसतं. मी तिसरी-चौथीत असेन. शाळेतून आलेय, पोटात आग पडलीय आणि तव्यावरून उतरलेली पहिली भाकरी टम्म फुगून टोपल्यात पडलीय. मी ती उचलते, एक तुकडा मोडते. तू चुलीपुढनं उठतेस आणि माझ्या हातातनं ती काढून घेतेस. "हावरट कुठली! बाप अजून कारखान्यावरनं आला न्हाई, भाऊ जेवले न्हाईत, आन् तू आधी? बाईमाणसानं मागं बसावं. ऱ्हाईल ते खावं, पण टाकू न्हाई. अन्न टाकलं की लक्ष्मी रुसती." दोघं भाऊ दारात उभे राहून हसत होते. ती भाकरी त्यांच्यातल्याच एकाला मिळाली. हावरट हा शब्द मात्र माझ्या वाट्याला आला तो कायमचा. पुढं लग्नात, बारशात, कुठंही पहिल्या पंगतीला बसायची वेळ आली की माझे कान तापायचे.

खोटं कशाला बोलू, तू मला काही दिलंच नाहीस असं नाही. दूध तापवून झालं की पातेल्याच्या तळाशी धरलेली खरवड तू उलथन्यानं काढायचीस आणि गुपचूप माझ्या तळहातावर ठेवायचीस. भावांना त्यातलं कधी दिलं नाहीस. मला वाटायचं, आईचं माझ्यावर किती प्रेम आहे. होतंही. पण तुझं प्रेमसुद्धा भांड्याच्या तळाचंच होतं गं. वरचं कधी तुला स्वतःला मिळालं नाही, मग मला कुठनं देणार?

तुझ्या घरात मागं उरायचंच काय? अर्धी भाकरी, आमटीचं पाणी, कढईच्या तळाचं कोरड्यास. त्या कायद्यानं तू काडीसारखी राहिलीस आणि काडीसारखीच गेलीस. मी लग्न करून आले ते टोमॅटो पिकवणाऱ्या घरात. चांगला भाव मिळाला की घरात श्रीखंड, बासुंदी, पावण्यांना मटण. तोडणीच्या दिवसांत मजुरांचा स्वयंपाक वेगळा. इथं परातभर उरतं. मुलगा चपातीच्या कडा सोडतो, हे भात अर्धवट ठेवून फोनवर बोलत उठतात, पावण्यांच्या ताटात आग्रहानं वाढलेलं तसंच राहतं. आणि मी तुझी लेक. ओट्याशी उभी राहून एकेक ताट पुसून खाते, मग घासायला टाकते. गाईला घाल म्हणशील, तर तूच सांगायचीस, माणसाचं खाणं आधी माणसाला.

ऑपरेशननंतर सुरुवातीचे महिने घास उतरतच नव्हता. तेव्हा सगळं गाईला जायचं आणि मला चोरी केल्यासारखं वाटायचं. मग एक घास, मग दोन. दूधभात, खीर, आमटीत भिजलेली चपाती, असलं मऊ विनातक्रार खाली उतरतं. माझं स्वतःचं ताट मात्र डाएटवाल्या मॅडमनी सांगितलं होतं तस्संच. वाटी मोजून, चमचा मोजून. म्हणून मागच्या खेपेला त्यांनी विचारलं, "दिवसभरात काय खाता?" तर मी धडाधड सांगितलं, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. शेजारी मुलगी बसली होती. आता अकरावीला आहे. ती म्हणाली, "मम्मी, आणि आमच्या ताटातलं?"

मी म्हणाले, "ते काय खाणं असतं व्हय?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली. डॉक्टर म्हणाले, "ताई, आत आम्ही हवं तेवढं कापू, पण हे थांबलं नाही तर तिसऱ्यांदा याल. तीन महिने हे बंद करून दाखवा, मग तारीख." परत येताना पेठ गावाच्या पुढं गाडी थांबवून यांनी चहा घेतला. मी गाडीतच बसून राहिले. डोक्यात एकच घोळत होतं. भूल देऊन पोट फाडून घ्यायला मी तयार आहे, जीव गेला तर जाऊ दे म्हणायलाही तयार आहे, पण अर्धी चपाती टाकून द्यायला माझा हात उचलत नाही. असलं वळण तू लावलंस. शाळा सुटली, माहेर सुटलं, तू सुटलीस, हे काही सुटलं नाही.

पण घरी आल्यापासून माझ्यापर्यंत उरलेलं काही येतच नाहीये. पहिले काही दिवस मला कळलं नाही. वाटलं, सगळे नेमकं वाढून घेतायत, शहाणे झालेत. मग एका दुपारी कपडे काढायला मागच्या दारी गेले आणि परत आले, तर मुलगी ओट्याशी उभी. भावाच्या ताटातलं श्रीखंड बोटानं पुसून खातेय, बापाचा भात संपवतेय. मला बघून म्हणाली, "तू ये ना बाहेर. मी आवरते सगळं. तुझ्यासमोर नको काही राहायला." टाकून द्यावं असं तिच्या मनातही आलं नाही. ते मीच कधी तिच्या कानावर घातलं नव्हतं.

तिचा कॉलेजचा ड्रेस दंडाला दाटायला लागलाय. मी रोज म्हणते, आज बोलू. हे पत्र तुला पोचणार नाही म्हणून सांगते. परवा काट्यावर उभी राहिले तर माझं वजन उतरलं होतं, आणि तिला अजून मी थांबवलेलं नाही.