ताईच्या झोपेसाठी दोन पंखे

४ फेब्रुवारी
आज ताई प्रथमच स्पष्ट बोलली. सकाळी रात्रपाळीहून आली, अंघोळ करून आडवी झाली, आणि थोड्याच वेळात डोक्यावरची उशी मांडीत घेऊन उठून बसली. म्हणाली, अगं, हा कॉम्प्युटर आहे की पिठाची गिरणी? तुझं दळण संपलं की सांग, मग झोपते मी.

अत्यंत अपराधी वाटले. खोली एकच, दोघींची. तिची खाट आणि माझे टेबल यांच्यामध्ये जेमतेम एक खुर्ची मावते आणि त्या खुर्चीत दिवसभर मी असते. ताई परिचारिका आहे, तीही नवजात बाळांच्या विभागात. काचेच्या पेट्यांमध्ये ओंजळीएवढी बाळे, आणि त्यांच्यावर रात्रभर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारी ताई. मी घरी बसून पाठ्यपुस्तकांची मुद्रिते तपासते. माझी चूक झाली तर एखादी वेलांटी इकडची तिकडे होते. तिची झाली तर काय होईल, याचा विचार न केलेला बरा.

तसा दोष माझा नव्हे, कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधल्या दोन जुनाट पंख्यांचा आहे. पण कॉम्प्युटर माझा, म्हणून नैतिक जबाबदारी माझी.

संकल्प : याच आठवड्यात नवे, शांत पंखे बसवणे. ताईला तसे वचन दिले. तोवर तिचा डोळा लागला होता, म्हणून हलवून जागे करून दिले.

५ फेब्रुवारी
अभ्यासास प्रारंभ. कोणताही विषय मुळापासून समजून घेतल्याशिवाय त्याला हात घालायचा नाही, ही माझी शाळेपासूनची शिस्त. त्याशिवाय का पहिला नंबर येत असे?

मोठा पंखा हळू फिरूनही भरपूर हवा खेचतो, म्हणून तो शांत. बेअरिंगचे प्रकार तीन-चार आहेत आणि प्रत्येकाचे भक्त एकमेकांवर तुटून पडतात. सगळे इंग्रजीत. शब्दकोश जवळ घेऊन दिवसभर वाचत होते. त्यासाठी कॉम्प्युटर दिवसभर चालू ठेवावा लागला, याची खंत आहे. परंतु ज्या आवाजाशी झुंजायचे, तो काही काळ सोसावा लागतोच. (सोसला ताईने.)

वास्तविक हे वाचन ती ड्यूटीवर गेल्यावर रात्री करता आले असते. पण रात्री मला झोप येते.

८ फेब्रुवारी
महत्त्वाचा शोध. एका सद्गृहस्थाने निरनिराळ्या पंख्यांचे आवाज रेकॉर्ड करून ठेवले आहेत. हेडफोन लावून ऐकू नये, त्याने खरा अंदाज येत नाही, अशी त्याची स्पष्ट सूचना आहे. शास्त्रापुढे इलाज नाही. स्पीकर लावले. चांगल्या पंख्याचे चांगलेपण कळण्यासाठी वाईट पंखेही ऐकणे क्रमप्राप्त होते. तेही ऐकले, पुन्हा पुन्हा.

ताई म्हणाली, विमान उतरलं असेल तर सामान काढू का?

तिला समजावून सांगितले, की हे सर्व तिच्याच झोपेसाठी चालले आहे. तिने उशी कानांवर ओढली. कृतज्ञता शब्दांत मावत नसावी.



९ फेब्रुवारी
आईने मध्ये तोंड घातले. म्हणाली, अगं, ती झोपते तेवढा वेळ ते यंत्र बंद ठेव की. बंद करायचं बटण दिलंय ना त्याला?

मी म्हटले, आई, ही वरवरची मलमपट्टी झाली. प्रश्नाच्या मुळाशी जायला हवे.

आई म्हणाली, मुळाशी तू जा, पण जाताना बटण दाबून जा.

आईचे शिक्षण कमी नाही, परंतु संशोधनाची दृष्टी नाही. बाबांनी वर्तमानपत्रातून डोके न काढता पाठिंबा दिला. आईला. तरीही घरच्यांचे मन राखण्यासाठी दुपारी कॉम्प्युटर बंद केला. मग लक्षात आले, की पंख्यांचा तक्ता सेव्ह करायचा राहिला. पुन्हा चालू केला. सुरू होताना तो विशेष गर्जतो. ताईने भिंतीकडे तोंड केले.

११ फेब्रुवारी
केवळ कानांवर विसंबून चालणार नाही. मोबाइलमध्ये आवाज मोजण्याचे ॲप घेतले. मोजमाप ऐकणाऱ्याच्या कानापाशी व्हायला हवे, म्हणून ताई झोपल्यावर मोबाइल अलगद तिच्या उशीवर ठेवला. श्वास रोखून उभी राहिले. आकडा अगदी स्थिर होत आला होता, तोच ॲपमध्ये साबणाची जाहिरात लागली. गाण्यासकट.

ताई एकदम उठून बसली आणि म्हणाली, कुठलं बाळ? कुठलं बाळ?

तिला वाटले, ती वॉर्डात आहे. पुढचा तासभर मी स्वयंपाकघरात आईच्या हाताखाली निमूट भाज्या चिरल्या. त्याही जाड झाल्या, असे आई म्हणाली.

(आकडा नोंदवायचा राहिला. पुन्हा घ्यावा लागेल. जाहिरातीविना.)

१३ फेब्रुवारी
आज कॅबिनेट उघडले. कंपासपेटीतली पट्टी अजून जपून ठेवली आहे, तिने पंख्याच्या स्क्रूच्या एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंतचे अंतर काटेकोर मोजले. १०५ मिलिमीटर. तीन वेळा मोजले, तिन्ही वेळा तेच.

बाजारात १०५ चा पंखा नाही! १२० आहेत, १४० आहेत, ९२ आहेत. एवढ्या मोठमोठ्या कंपन्या, आणि एवढी साधी गोष्ट कुणाच्या ध्यानात येऊ नये? एका कंपनीला सविस्तर ईमेल लिहिले. सुरुवात ‘महोदय’ अशी करण्याची फार इच्छा होती, पण इंग्रजीत तो भाव उतरत नाही. मसुदा तीनदा केला. टायपिंगचा आवाज पंख्यांपेक्षा कमी असतो, असा माझा समज होता. ताईचा तसा नाही.

१६ फेब्रुवारी
वाईट दिवस.

काल ड्यूटीवर जाताना ताईला बसमध्ये झोप लागली. थेट शेवटच्या स्टॉपवर कंडक्टरने उठवले. वॉर्डात उशिरा पोहोचली. मेट्रनबाईंनी सर्वांसमोर सुनावले, की ही बाळं पेंगणाऱ्या माणसाच्या हाती द्यायची नसतात. पुन्हा असं दिसलं तर तुमची बदली भांडारात. म्हणजे कापसाचे गठ्ठे आणि सुयांची खोकी मोजत बसायचे. ताईला त्या विभागात जागा मिळायला किती वर्षे लागली, ते मला ठाऊक आहे. घरी येऊन ती बाळांना नावे ठेवते, म्हणजे टोपणनावे. सध्या एक ‘जज्जसाहेब’ आहे, कारण तो सगळ्यांकडे आठ्या घालून बघतो.

हे सारे ताईने आईला सांगितले. मी दाराआड होते. मला रडू आले.

माझ्यामुळे झाले, असे क्षणभर वाटले. मग शांतपणे विचार केला, तेव्हा ध्यानात आले, की हे १०५ मिलिमीटरचा पंखा न बनवणाऱ्यांमुळे झाले.

तरी प्रायश्चित्त म्हणून दुपारी आले घालून चहा केला. ताई गाढ झोपली होती. इतकी गाढ मी तिला कित्येक दिवसांत पाहिली नव्हती. चहा निवू नये म्हणून उठवली. मला तिची किती काळजी आहे, हे तिला कळायला हवे.

तिने घड्याळ पाहिले आणि कप हातात घेतला. मग प्यायली. म्हणाली, साखर बरोबर आहे.

१९ फेब्रुवारी
कंपनीचे उत्तर आले. दोन ओळी. पंखा भोकापासून भोकापर्यंत मोजत नाहीत, चौकटीच्या कडेपासून कडेपर्यंत मोजतात. आपला पंखा १२० चा आहे.

हे त्यांनी आधीच ठळकपणे छापायला हवे होते. असो. मी खिलाडूपणे ईमेल बंद केले.

आता दोनच उमेदवार उरले आहेत. पहिला अधिक शांत, पण हवा किंचित कमी. दुसऱ्याची हवा उत्तम, पण एका परीक्षणात ‘मधूनच बारीकशी कुरकुर’ असे म्हटले आहे. बाबा म्हणाले, कुठलाही घे, पण घे एकदाचा.

दुकानापर्यंत गेले. आत तीन गिऱ्हाईके होती, म्हणून बाहेर थांबले. ती गेली तेव्हा दोन नवी आली. शेवटी दुकानदाराने स्वतःच हाक मारली, काय हवंय, मॅडम? सर्व प्रश्न क्रमाने पाठ केलेले होते. तोंडातून निघाले, माउसपॅड.

माउसपॅड चांगले आहे.

२४ फेब्रुवारी
पंखे आले! (ऑनलाइन मागवले. तिथे कुणाशी बोलावे लागत नाही.) पहिला उमेदवार. दोन नग, रबरी खुंट्यांसह, कारण स्क्रूने थरथर कॅबिनेटमध्ये उतरते.

बाबांनी टॉर्च धरला आणि मी बसवले. एक पुढे, हवा आत घेणारा. एक मागे, बाहेर टाकणारा. चौकटीवरचे बाण पाहून दिशा ताडून पाहिली. ताई झोपलेली होती, म्हणून आम्ही कुजबुजत बोललो. बाबांच्या हातून टॉर्च दोनदाच पडला.

बटण दाबले. काही नाही. मला वाटले, बिघडला. वाकून पाहते तो पाती फिरत आहेत! नुसती फिरत आहेत, ब्र न काढता. खोलीत इतकी शांतता पसरली, की खिडकीबाहेर कुणीतरी चादर झटकत होते, तेही ऐकू आले. डोळे भरून आले. एवढ्या दिवसांचा अभ्यास, अवहेलना, जाड भाज्या, सगळ्याचे सार्थक झाले.

हा क्षण ताईशिवाय अपुरा होता. तिचे दोन्ही खांदे धरून हलवले. म्हटले, ताई, ऐक! ऊठ, ऐक ना! काही ऐकू येतंय का?

ती म्हणाली, काय?

मी म्हटले, काहीच नाही! तेच तर!

बाबा टॉर्च घेऊन हळूच बाहेर गेले.

२५ फेब्रुवारी
ताई रात्री वॉर्डात उभ्या उभ्या पेंगली. कपाळ काचेच्या पेटीवर टेकले. आतल्या बाळाला काही झाले नाही. जज्जसाहेबच होते. मेट्रनबाईंनी पाहिले. म्हणाल्या, शेवटचा आठवडा देते.

सकाळी आल्यावर ताईने बॅग भरली. नर्सेसच्या होस्टेलमध्ये एक खाट रिकामी आहे म्हणे. मी म्हटले, आता कशाला जातेस? आता तर सगळं शांत झालंय. ती म्हणाली, हो गं, खूपच शांत झालंय. माझ्या केसांवरून हात फिरवला आणि गेली.

उशी घेऊन गेली, यावरून बराच काळ राहण्याचा विचार दिसतो.

मला कळत नाही. आकडे उत्तम आहेत.

२ मार्च
होस्टेल पाहून आले. सोबत ताईची हिरवी चादर आणि कानांत घालायचे बोळे नेले होते. बोळ्यांवर काल थोडा अभ्यास केला होता.

बरे झाले नेले, असे जिन्यातच वाटले. ताईची खोली रुग्णालयाच्या धुलाईघराला लागून आहे. भिंतीपलीकडे कपाटाएवढी यंत्रे दिवसभर धडधडतात. खिडकीची तावदाने थरथरत होती. टेबलावरचा पेला आपोआप कडेकडे सरकत होता, आणि रूममेट पुस्तक वाचता वाचता, न बघता, तो मागे सारत होती. आमचा जुना कॉम्प्युटर याच्यापुढे मांजराचे पिल्लू.

आणि त्या गदारोळात ताई झोपली होती. तोंड किंचित उघडे, एक हात खाटेखाली लोंबकळत. लहानपणी झोपत असे, तशी.

रूममेटला ओरडूनच विचारावे लागले, की हिला या आवाजाचा त्रास होत नाही का. ती म्हणाली, छे हो, पडली की मेल्यासारखी झोपते, संध्याकाळी गजर झाला की उठते. परवा मेट्रनबाईसुद्धा म्हणाल्या, आता कशा टवटवीत दिसताय. राहा बाळांकडेच. मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, तुम्हीच का त्या पंख्यांवाल्या?

मी हो म्हटले.

ती म्हणाली, उठवू का हिला? तुम्ही एवढ्या लांबून आलात.

मी खुर्चीवर बसले होते, ती उठले. चादर पायथ्याशी ठेवली. बोळे पर्समध्येच राहिले. म्हटले, नको. फक्त एवढं सांगा, की मी आले होते आणि उठवलं नाही.

जिना उतरून फाटकापर्यंत गेले. मग परत वर आले आणि दारातून म्हटले, तेही नका सांगू.