डाव्या खांद्याची रायफल

प्रिय दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस ना? फोन असताना हिला पत्राचं काय खूळ लागलं, असं वहिनीला म्हणून तू हे टेबलावर टाकून देणार होतास, तर तसं करू नकोस. फोनवर तू माझं एकही वाक्य पूर्ण होऊ देत नाहीस. मध्येच हसतोस, मग विषय बदलतोस, मग तुला कोणाचा तरी दुसरा फोन येतो. पत्र कोणाला मध्येच तोडता येत नाही. तेव्हा खुर्ची ओढ आणि नीट बसून वाच, तुझ्याच आवडीचा विषय आहे. मी रायफल घेतली.

गेल्या वर्षी बाबांच्या वाढदिवसाच्या जेवणात मी सहज विचारलं होतं, नवशिक्याने पहिली रायफल कोणती घ्यावी म्हणून. दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवून मान अवघडून जाते, सुट्टीच्या दिवशी काहीतरी वेगळं करावं, एवढंच माझ्या मनात होतं. तुला घास गिळवेना इतका तू हसलास. आधी शेजाऱ्यांना खिडक्या काढून ठेवायला सांगा, म्हणालास. बाबाही हसले आणि ‘आमची चुकूबाई’ म्हणत त्यांनी माझी पाठ थोपटली. वहिनी हसली, माझा नवरा हसला, आणि मीही हसले, कारण त्या टेबलाशी बसून न हसण्याची मला सवयच नाही. शेवटी डोळे पुसत तू सल्ला दिलास की क्लबात धूळ खात पडलेली जुनी एअर रायफल घेऊन जा, तुझे छर्रे काय, कुठल्याही रायफलीने शेजारच्याच कागदावर लागणार. तुझा सल्ला न मानण्याची ती माझी पहिलीच वेळ. मी दुकानात गेले.

तुझ्या ओळखीतलं दुकान नाही, काळजी करू नकोस. शहराच्या दुसऱ्या टोकाला, चाव्या बनवणाऱ्याच्या शेजारी आहे. पुढच्या काचेत गळ आणि दुर्बिणी, आतल्या भिंतीवर साखळीला अडकवलेल्या रायफली, आणि त्याच्याही मागे एक लांबलचक खोली, जिथे विकत घेण्याआधी चालवून बघता येतं. मालकीणबाईंचे केस बारीक कापलेले, चष्मा कायम कपाळावर. मी आत शिरले आणि सगळ्यात देखण्या रायफलीवर बोट ठेवलं. गडद लाकडाचा दस्ता, वर ही एवढी दुर्बीण. बाई म्हणाल्या, ही सगळ्यांना आवडते आणि थोड्याच दिवसांत बहुतेक जण परत आणून देतात. उभं राहून दहा मीटरवरच्या कागदाला भोकं पाडायची, तर तिच्यावर दुर्बीण कशाला हवी? मग त्यांनी दस्त्याचा तळ माझ्या कोपराच्या घडीत टेकवला आणि बोट चापापर्यंत पोचतं का ते बघितलं. बोट अलीकडेच संपलं. रायफल उचलून धरायला सांगितलं, तर नळीचं टोक भिंतभर फिरायला लागलं. जड रायफल कमी हलते हे खरं, पण धरणारीच हलत असेल तर ती काय करणार, असं म्हणून बाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली. शिकाऊ माणसाने रायफल आपल्या मापाने घ्यावी, कपडे शिवून घेतो तशी, हे मला त्या दुकानात कळलं. तू एवढ्या वर्षांत मला एवढंसुद्धा सांगितलं नव्हतंस.

मग एक हलकी रायफल निघाली. दस्ता कमी-जास्त करता येणारा, गालाचा टेकू वरखाली होणारा, चाप अगदी मऊ. मी ती लहानपणी तू शिकवलंस तशी उजव्या खांद्याला लावली, दोन्ही डोळे उघडे ठेवले आणि नेम धरला. बाईंनी माझ्याकडे बाजूने बघितलं आणि मला थांबवलं. दोन्ही हात समोर लांब करा, म्हणाल्या, पंजे एकमेकांवर आणून मध्ये लहानसं भोक ठेवा, त्यातून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा, आणि घड्याळ न सोडता हात हळूहळू तोंडाशी आणा. मी आणले. भोक आपोआप डाव्या डोळ्यावर येऊन थांबलं. पुन्हा केलं, तरी डावाच. लिहिता उजव्या हाताने, पण नेमाचा डोळा तुमचा डावा आहे, त्या म्हणाल्या. रायफल उजव्या खांद्यावर आणि बघणार डावा डोळा, मग छर्रा डावीकडे भरकटणार नाही तर काय होणार? त्यातून दोन्ही डोळे उघडे ठेवायला कोणी शिकवलं? मी म्हटलं, माझ्या भावाने. त्यांना बरं येतं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तो चॅम्पियन आहे.  बाईंनी आत जाऊन डाव्या खांद्याची रायफल आणली.

पाच छर्रे मारले, दादा. गाल टेकला आणि मागच्या गोल भोकात नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेमाची खूण, अशी येऊन बसली की मला काही करावंच लागलं नाही. छर्रे काळ्या गोलाच्या जरा खाली लागले, पण सगळे एका ठिकाणी, नखाखाली झाकता येतील एवढ्यात. मागचं भोक वर करायला एक स्क्रू लागतो, बाई म्हणाल्या, छर्रे असे एकत्र आणायला मात्र लोकांना वर्ष लागतं. मी तिथेच स्टुलावर बसले आणि रडले. रायफल बांधून घेतली ती रडतच.

त्या दिवशी मला तुझा राग आलेला नव्हता, हे तुला सांगून ठेवते. मला वाटलं, तूही लहानच होतास, तुला तरी काय कळत असणार. क्लबाच्या मागच्या त्या पत्र्याच्या शेडमधल्या सगळ्या सकाळी मला आठवल्या. मी आपण होऊन डावा डोळा मिटायचे, तर तू कानावर टिचकी मारायचास. खरे नेमबाज डोळे मिटत नाहीत, म्हणायचास. मी डोळा उघडायचे आणि छर्रा शेजारच्या कागदावर जायचा. शेडमधले सगळे हसायचे. चुकूबाई हे नाव तू तिथेच ठेवलंस आणि संध्याकाळी जेवताना बाबांना सांगितलंस. ते नाव पुढे माझ्याबरोबर सगळीकडे आलं. गाडी शिकायचं म्हटलं की चुकूबाई, नको बाई. बाबांच्या दुकानात हिशोबाला बसते म्हटलं की चुकूबाई, राहू दे. माझ्या हातून काही नीट होत नाही हे आपल्या घरात इतकं पक्कं झालं की मलाही ते पटलं. आता मी केसाएवढीही फट न ठेवता दात बसवते, डॉक्टर नाव घेऊन माझ्याचकडे काम पाठवतात, तरी घरी बाबा माझ्या हातात चहाचा भरलेला ट्रे देत नाहीत.

तर मला वाटलं, हे गंमत म्हणून शेडवर आपल्याला शिकवणाऱ्या सरांना सांगावं. आपले सर आता त्यांच्या मुलीकडे राहतात, गच्चीला लागून खोली आहे, ऐकू कमी येतं, पण डोकं शाबूत आहे. मी नवीन रायफलीचा फोटो दाखवला. तो बघून ते एवढे खूश झाले की त्यांनी मुलीला हाक मारून बोलावलं. म्हणाले, शेवटी घेतलीस ना डावी? मी तेव्हाच सांगितलं होतं. मला वाटलं, म्हातारपणी काहीतरी गोंधळ होतोय. मी मोठ्याने विचारलं, कोणाला सांगितलं होतं? तर म्हणाले, तुझ्या भावाला. तुला ताप आला होता म्हणून तू आठवडाभर शेडवर आली नव्हतीस. मी त्याला म्हटलं होतं, या पोरीचा डोळा डावा आहे, हात दगडासारखा आहे, घरी सांग, डाव्या खांद्याची रायफल मागवतो, नेमबाजीच्या शिबिराला तिलाच पाठवू. दुसऱ्या दिवशी त्याने येऊन सांगितलं की ती नको म्हणते, तिला नेमबाजीचा कंटाळा आलाय.

ताप उतरल्यावर चुकूबाई ऐकून घ्यायला मी शेडवर परत गेलेच नाही, म्हणून सरांनाही ते खरं वाटलं. शिबिराला क्लबातून एकाच मुलाला पाठवणार होते, हे मला माहीत होतं. तू गेलास. स्टेशनवर तुला सोडायला आले तेव्हा मी तुझी पिशवी उचलून धरली होती, आणि ती पाडशील असं म्हणून तू माझ्या हातातून काढून घेतलीस. तिथून पुढे तुझं सगळं झालं, पदकं, नोकरी, क्लबातली शिकवणी, बाबांच्या खोलीतलं ते काचेचं कपाट. दादा, त्या जागेसाठी तू मला हरवलं असतंस तर मी तुझ्या पिशवीबरोबर तुलाही उचलून नेलं असतं. तू मला हरवलं नाहीस. तू मला येऊच दिलं नाहीस, आणि वर जन्मभर माझं हसं केलंस. मला तुझा भयंकर राग आला आणि तो गेलेला नाही. खरं सांगायचं तर तो जाऊ नये म्हणून मी त्याची काळजी घेतली. उजाडायच्या आत उठून दातांच्या प्रयोगशाळेत जायच्या आधी त्या लांबलचक खोलीत उभी राहायचे, आणि कंटाळा आला की तुझा तो जेवणाच्या टेबलावरचा चेहरा आठवायचे. पुन्हा उभी राहायचे. नवऱ्याला वाटलं मला छंद जडला. मालकीणबाईंना मात्र लवकर कळलं. एक दिवस त्या म्हणाल्या, रागाने हात कापतो, तेव्हा राग घरी ठेवून या. मी तेही शिकले. राग दाराशी ठेवायचा, छर्रे मारायचे, जाताना उचलून घरी न्यायचा.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. तुमच्या क्लबाच्या वार्षिक स्पर्धेत या वेळी बाहेरच्यांनाही प्रवेश आहे, आणि दुसऱ्या गटातून नुसतं आद्याक्षर आणि सासरचं आडनाव लावून अंतिम फेरीत जी एक अनोळखी बाई आली आहे, जिच्याबद्दल तू परवा वहिनीला कौतुकाने सांगत होतास म्हणे, ती मी आहे. काल संयोजकांचा फोन आला. डाव्या खांद्यावर नेम धरणारी मी एकटीच, म्हणून मला उजवीकडची शेवटची जागा दिली आहे, आणि माझ्या शेजारी तू आहेस. तू चॅम्पियन आहेस, तुला हे सांगायला नको, पण तरी सांगते. उजव्या खांद्याचा नेमबाज उजवीकडे तोंड करून उभा राहतो आणि डाव्या खांद्याचा डावीकडे. म्हणजे दर छऱ्यानंतर तू रायफल खाली घेशील तेव्हा तुझ्यासमोर माझा चेहरा असेल. पाठदुखी काढून घरी बसायचं मनात आणू नकोस, बाबांना मी पहिल्या रांगेत बसायला सांगितलं आहे. बाकी काहीही सांगितलेलं नाही. त्यांना अजून व्यवस्थित दिसतं. रायफल डाव्या खांद्यावर का, हे ते विचारतील, आणि मला नाही, नेहमीसारखं तुलाच विचारतील. माफी मागायला फोन करू नकोस, मी उचलणार नाही. मी आज लिहिलं ते एवढ्यासाठी, की रविवारच्या फेरीपर्यंत रोज सकाळी सरावाला उभा राहशील तेव्हा बाबांना काय उत्तर द्यायचं याचा तू विचार करावास, आणि तुझा हात कापावा.

तुझीच,
धाकटी