सगळे बाण माझ्याकडे

३ मार्च
या हॉस्पिटलात मी स्वतःच्या हाताने केलेलं: चारही मजल्यांची केबल, प्रत्येक टोकाला चिठ्ठी. औषधसाठ्याचा प्रोग्रॅम. रक्ताच्या नळ्यांवरच्या लेबलांची जुळणी. सर्व्हरच्या खोलीचं दार, बिजागऱ्यांसकट. पदवी नाही. वाचून, मोडून, पुन्हा जोडून शिकलो.

आज एक सल्लागार बाई आल्या. कॉम्प्युटर विभागाची कामाची पद्धत सुधारायची आहे म्हणे. तक्रार कुठून येते, कुणाकडे जाते, सगळं चौकोन आणि बाणांत मांडणार.

५ मार्च
भिंतभर कागद. बाई म्हणाल्या, "काका, साठातले एकेचाळीस बाण तुमच्याकडेच येतात." छाती जरा फुगली. "हाच तर धोका आहे," त्या पुढे म्हणाल्या.

९ मार्च
त्यांचा नकाशा चुकला होता. लेबलं अडकली की आधी प्रिंटर नाही, लॅबच्या कॉम्प्युटरवरची छपाईची रांग बघायची. मला चूक बघवत नाही. जेवणाच्या सुट्टीत बसून एकोणीस पायऱ्या लिहून दिल्या, कारणांसकट.

घरी ही म्हणाली, "म्हणजे आता कुणालाही जमेल?"
"नीट वाचलं तर."
"मग झालं! बसा आता टाळ्या वाजवत."

२३ मार्च
नवी पद्धत सुरू. आधी नोंद, मग नंबर, मग मंजुरी. तोवर हात लावायचा नाही.

अकराला मोठ्या सिस्टर दारात. "अहो, लेबलं निघत नाहीत. नळ्या तशाच पडल्यात."
मी नंबर विचारला.
"नंबर? अठरा वर्षांत कधी नंबर मागितलात का मला?"

उठलो असतो तर नियमबाह्य काम म्हणून नोंद. बसून राहिलो. त्या वळून गेल्या.

बेचाळीस मिनिटांनी मंजुरी आली — नव्या पद्धतीत कंत्राट दिलेल्या बाहेरच्या कंपनीतल्या माणसाच्या नावावर. त्याने माझ्या एकोणीस पायऱ्या वाचल्या आणि चार मिनिटांत लेबलं सुरू. एकही पायरी चुकलेली नव्हती.

२४ मार्च
दिवसभरात एकही फोन नाही.

२ एप्रिल
साहेबांनी बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला. जूनपासून माझी जागा राहणार नाही. "तुमच्यामुळेच हे इतकं सुरळीत झालं," म्हणाले. मनापासून म्हणाले, तेच वाईट.

३ एप्रिल
काल साहेबांच्या खोलीतून निघालो तर बाई जिन्यात थांबलेल्या. त्यांच्या कंपनीत या म्हणाल्या. गावोगावच्या हॉस्पिटलांत जायचं, माझ्यासारख्यांच्या शेजारी बसायचं, त्यांच्याकडून पायऱ्या काढून घ्यायच्या. नको म्हणालो. घरी सांगितलेलं नाही. इथे चौतीस हजार मिळतात. त्या नव्वद देत होत्या.