टेबलाखालचा चुरा

प्रिय आई, पायाला भिंगरी लागलेल्या लेकाचा सलाम.

मी मजेत आहे. दवाखान्यात फरशा पुसतो. जिन्याखाली मांजर व्यालंय, ते असो. ताई जेवते का?

आज मोठ्या डॉक्टरांना ताईचे रिपोर्ट दाखवायला गेलो. ते खेकसले, "बाहेर रांग दिसत नाही? फरशी पूस आधी!" एरवी मी बादलीच आपटली असती. पण तू सांगायचीस ती बायबलातली परकी बाई आठवली. आजारी लेकीसाठी प्रभू येशूच्या पाया पडली, कुत्र्यांशी तुलना झाली तरी कुत्र्यांनाही टेबलाखालचा चुरा मिळतो म्हणत मागत राहिली. मी म्हटलं, "साहेब, सगळ्यांचं उरकल्यावर दोन मिनिटं उरली तर?"

संध्याकाळी त्यांनी रिपोर्ट दोनदा बघितले. मग म्हणाले, "घेऊन ये तिला. उशीर नको."

घाबरू नकोस, पण लगेच निघा. त्या बाईची लेक बरी झाली होती ना गं? मला शेवट नीट आठवत नाही.

तुझाच,
धाकटा