एक सी जास्त

१४ नोव्हेंबर, शुक्रवार, संध्याकाळी सव्वासात. ट्रॅक्टरच्या दुकानातून आलो आणि हातपाय न धुताच लिहायला बसलो.

दुपारपासून कंपनीला ऑर्डरचा मेल जाईना. कॉम्प्युटर सारखा पासवर्ड मागत होता. सहापर्यंत ऑर्डर गेली नसती तर शेठनी मला कामावरून काढलं असतं. आणि त्यांचा भाचा वैभव गिऱ्हाइकांसमोर हसत होता. "अबे मास्तर, मेलचंबी शुद्धलेखन तपासून राह्यला काय?" मी दहावी नापास, तरी अक्षराला जपतो, म्हणून मास्तर!

त्या टोमण्यानंच आठवलं. दुकानाच्या मेलच्या पत्त्यात 'ट्रॅक्टर'चं इंग्रजी स्पेलिंग पहिल्यापासून चुकलेलं आहे, त्यात सी नाही. सकाळी सेटिंगमध्ये ते दिसलं, बघवेना, म्हणून सी घातला. मीच! गुपचूप तो सी पुसला, पत्ता पुन्हा जुळला आणि मेल गेला.

शेठनी विचारलं, "काऊन अडलं होतं रे?"

पासवर्ड गेल्या आठवड्यात वैभवनं बदलला होता, हे शेठना ठाऊक होतं. मी त्याच्याकडे बघत म्हणालो, "पासवर्डचा घोळ होता, शेठ."

शेठ सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडले, "उद्यापासून कॉम्प्युटरले हात लावू नको!"

खरं सांगावं का? नाही. त्याचं उतरलेलं तोंड बघून जिवाला थंडावा मिळाला. अजून मिळतोय.