टिपूच्या आईचं रक्त

आई,

पुण्याच्या डॉक्टरबाईंच्या जीपमधून बेल्ह्याला चाललेय. कुत्र्यांची फिट रक्तातून पिलांत कशी उतरते, ते त्या शोधतायत. आपल्या टिपूचं रक्त परवा घेतलं, आता त्याच्या आईचं पाहिजे. ती कासमभाईंकडं आहे. कुठलं पिल्लू कुणाला दिलं, त्यातल्या कुणाला फिट येते, सगळं त्यांनी फोनवर धडाधडा सांगून टाकलं. मला त्यांचा लई हेवा वाटला.

माझी फिटची गोळी मी घेतलीय. रोहिणीला बघायला पावणं येतील तेव्हा मी घरात नसेन, म्हणजे तुझ्याही जिवाला घोर नाय. तिला माझी मोरपंखी साडी नेसव, ट्रंकेत वरच आहे.

टिपूला गोठ्यात कोंडू नकोस. त्याला फिट आलीच तर कांदा, चप्पल काही हुंगवू नकोस, नुसती जवळ बस. पावण्यांनी विचारलं तर खुशाल सांग, ह्याला फिट येते म्हणून. त्याचं कुठं लगीन जमवायचंय?

माझं विचारलं तर मामाकडं गेली म्हण. मागच्या पावण्यांनाही तू तसंच सांगितलं होतंस. मी गोठ्यातून ऐकलं.

नंदा